छातीशी उशी धरून: बायपासनंतर ऑनलाइन इम्प्रोव्हकडे परतताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. त्रिमूर्तीनगरात राहणाऱ्या ५४ वर्षांच्या एका शिक्षिकेची नऊ आठवड्यांपूर्वी बायपास शस्त्रक्रिया झाली. महाविद्यालयात असताना त्या एकांकिका करीत. २०२० च्या टाळेबंदीत जुन्या मित्रमैत्रिणींबरोबर दर गुरुवारी झूमवर त्या उत्स्फूर्त विनोदाचे, म्हणजे ज्याला सगळेच आता इम्प्रोव्ह म्हणतात त्याचे, खेळ खेळू लागल्या. दीड वर्षाने शाळा उघडल्या आणि ते आपोआप बंद पडले. आता सक्तीच्या विश्रांतीत तोच गट पुन्हा जुळतो आहे. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हसण्याने छातीला अपाय होईल ही यजमानांची भीती कितपत खरी? शस्त्रक्रियेपासून शब्द वेळेवर सुचत नाहीत, तर अशा डोक्याने इम्प्रोव्ह करायला बसावे का? आणि पडद्यावरचे इम्प्रोव्ह हे मुळात रंगमंचावरच्या इम्प्रोव्हची फिकी नक्कल नाही का?

मी गेली २६ वर्षे नागपुरात नाट्यशिबिरे घेतो आणि तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत माझीही बायपास झाली, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना मी बसून आलो आहे. मी डॉक्टर नाही. खाली शरीराविषयी जे लिहिले आहे ते मला माझ्या शल्यविशारदांनी आणि फिजिओथेरपिस्टने समजावले ते आहे. तुमच्या बाबतीत तुमच्या डॉक्टरांचा शब्द त्याच्या वर मानावा.

यजमानांच्या भीतीपासून सुरुवात करतो, कारण ती निराधार नाही. बायपाससाठी छातीचे मधले हाड उभे कापतात आणि शस्त्रक्रिया झाल्यावर ते पोलादी तारांनी पुन्हा बांधतात. वरची कातडी लवकर जुळते आणि आरशात सगळे ठीक दिसू लागते, पण आतले हाड धरायला साधारण सहा ते आठ आठवडे आणि पुरते पक्के व्हायला बारा आठवडे किंवा त्याहून अधिक लागतात. खोकला, शिंक आणि मोठे हसू या तिन्हींमध्ये छातीचा पिंजरा आतून एकदम झटका खातो, म्हणून रुग्णालयातून घरी सोडतानाच हातात एक उशी देतात आणि खोकताना ती छातीशी घट्ट धरायला शिकवतात. हसतानाही नेमके तेच करायचे. तुम्ही नवव्या आठवड्यात आहात. जखम कोरडी असेल, ताप नसेल, आणि हालचाल करताना हाडात कटकट किंवा घासल्यासारखे जाणवत नसेल, तर खुर्चीत बसून, उशी धरून आलेले हसू हसायला बहुतेक डॉक्टर हरकत घेत नाहीत. यांपैकी काही जाणवत असेल, किंवा बसल्या जागी दम लागत असेल, तर गुरुवारची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा.

इथे एक फरक मात्र ध्यानात घ्या. आपल्याकडे सकाळी बागांमधून हास्यक्लब चालतात. १९९५ मध्ये मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी सुरू केलेली ती पद्धत आहे आणि तिच्यात हसायचे ते ठरवून, हात वर करून, पोटातून जोर लावून. निरोगी माणसासाठी तो उत्तम व्यायाम असेल, पण हाड जुळण्याच्या काळात हात डोक्यावर नेऊन ठरवून केलेला सात मजली हशा ही अगदी चुकीची निवड आहे. इम्प्रोव्हमध्ये हसण्याची सक्ती नसते. किंबहुना चांगल्या दृश्यात खेळणारा फारसा हसतच नाही, हसतात ते बघणारे. आणि तुमच्या दृष्टीने अवघड जागा तीच आहे, कारण स्वतःची पाळी नसताना तुम्ही बघणाऱ्यांतच असणार. उशी तेव्हा खाली ठेवू नका.

माझ्या उशीची हकिगत इथेच सांगून टाकतो. शस्त्रक्रियेनंतरच्या सहाव्या आठवड्यात मी पहिल्यांदा झूमवर बसलो. आठ चौकटी होत्या. अमरावतीचा एक तरुण अभियंता आणि मी, असे दोघांचे दृश्य ठरले आणि जागा मिळाली काटोलच्या एसटी बसची. मी काय करायचे ते मनाशी जुळवीत होतो, तोवर त्याने पडद्यावर मला नीट न्याहाळले, काखेतले तिकिटांचे यंत्र सावरल्यासारखे केले आणि विचारले, "काका, मांडीवरच्या पोट्ट्याचं अर्धं तिकीट लागते."

मांडीवर कोण आहे ते कळायला मला एक क्षण लागला. मग मी उशीला थोपटत म्हणालो, "पाचच्या खालचा हाये बाप्पा."

"पाचच्या खालचा? एवढा जाडा?"

"दिवसभर झोपूनच राह्यते ना."

यावर बाकीच्या सहा चौकटी फुटल्या, मलाही हसू आवरेना, म्हणून शिकवल्याप्रमाणे मी उशी छातीशी करकचून आवळली. तो कंडक्टर एक क्षणही न दवडता ओरडला, "दाबू नका त्याले! दाबून पाचच्या खाली आणता का?"

एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नसते आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे असते, हे ठाऊक असलेल्या माणसालाच या संवादाची गंमत कळेल. परंतु मला सांगायचे आहे ते विनोदाविषयी नाही. दीड महिना ज्या वस्तूकडे पाहून घरातला प्रत्येक जण चेहरा गंभीर करीत होता, तिच्याकडे त्या मुलाने केवळ समोर असलेली वस्तू म्हणून पाहिले आणि तिला दृश्यात घेतले. त्याने माझ्यावर दया केली नाही आणि उशीकडे दुर्लक्षही केले नाही. इम्प्रोव्हमध्ये 'हो, आणि' हा जो नियम सांगतात त्याचा अर्थ इतकाच: समोरच्याने जे मांडले ते खरे मानायचे आणि त्यात आपली एक भर घालायची. शिबिरात तो नियम मी शेकडो पोरांना शिकवला असेन. खुर्चीला खिळलेल्या अवस्थेत तो दुसऱ्या कुणी माझ्यावर चालवला, तेव्हा त्याची ताकद मला नव्याने कळली.

आजारी माणसाला दिवसभर एकच भूमिका मिळते. सकाळी उठल्यावर 'कसं वाटतंय', दुपारी 'झोप झाली का', संध्याकाळी कुणी भेटायला आले की तोच प्रश्न जरा हळू आवाजात. विचारणारे सगळे मायेने विचारतात, म्हणून कुणावर रागावताही येत नाही. दृश्यात मात्र कुणी तसे विचारत नाही. तिथे तुम्ही काटोलच्या गाडीतला एक लबाड प्रवासी असता, तलाठी असता, नवरदेवाची रुसलेली आत्या असता, आणि समोरच्याचे पुढचे वाक्य तुमच्या वाक्यावर अवलंबून असते. कुणाला तरी आपली गरज आहे हे, औषधाच्या वेळा सोडून, माझ्या बाबतीत त्या दोन महिन्यांत फक्त तिथेच घडत होते. बायपासनंतर मन खचणे, विनाकारण रडू येणे हे पुष्कळांना होते आणि डॉक्टर त्याविषयी आधी सांगतातही. मला ते झाले. इम्प्रोव्हने ते बरे केले असा दावा मी करणार नाही. त्यासाठी मी स्वतंत्रपणे मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो होतो आणि तुम्हालाही दोन आठवड्यांहून अधिक काळ तसे वाटत राहिले तर जावे असेच सांगेन. 'कॉमेडी थेरपी' अशा नावाखाली हृदयरुग्णांसाठी महागडे ऑनलाइन वर्ग विकणारे लोक अलीकडे भेटतात. मी एका वर्गाला पैसे भरून बसलो आहे. तिथे शिकवणाऱ्याला छातीचे हाड कापतात हेही ठाऊक नव्हते. पहिल्याच खेळात त्याने सर्वांना दोन्ही हात ताणून झाड व्हायला सांगितले.

याच संदर्भात एक खेळ आवर्जून सुचवतो. कीथ जॉन्स्टन यांनी, आधी लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये आणि पुढे कॅनडात कॅलगरीला, इम्प्रोव्ह शिकवताना 'स्टेटस' या गोष्टीवर फार भर दिला: दोन माणसे समोरासमोर आली की त्यांपैकी एक वर असतो आणि एक खाली, आणि विनोद बहुधा ही पातळी बदलताना होतो. घरात सध्या तुमची पातळी सर्वांत खाली आहे. लहान मुलेसुद्धा तुम्हाला 'उठू नका' म्हणून दटावत असतील. म्हणून पहिल्या दोन-तीन बैठकांत हट्टाने वरच्या पातळीची पात्रे मागून घ्या: मुख्याध्यापिका, तहसीलदार, खडूस घरमालकीण. त्यांना उभे राहावे लागत नाही, ओरडावे लागत नाही. मान स्थिर, पापणी स्थिर, वाक्य लहान आणि त्यानंतर शांतता, एवढ्यावर काम होते. धाप न लागता करण्याजोगा याहून चांगला अभिनय मला माहीत नाही. पडद्यावर सगळ्यांच्या चौकटी सारख्याच आकाराच्या असल्यामुळे उंची, चाल, मागे-पुढे उभे राहणे ही रंगमंचावरची साधने तिथे कामास येत नाहीत आणि सगळे काही नजर व आवाज यांवर येते. शरीर थकलेले असताना ही अडचण सोयीची ठरते.

आता शब्द न सुचण्याविषयी. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे, काहींना काही महिने, एकाग्रता आणि स्मरण थोडे मंद राहते. बहुतेकांचे ते हळूहळू सुधारते. मला नावे आठवत नसत. समोरच्या पात्राला दृश्यात 'सुलोचना' म्हटलेले मी दोन मिनिटांत विसरत असे. यावर उपाय म्हणून मी कीबोर्डशेजारी एक वही ठेवली आणि दृश्यात नाव, नाते किंवा गाव उच्चारले गेले की ते लिहू लागलो. रंगमंचावर हे करता आले नसते. पडद्यावर कुणालाही दिसत नाही, आणि दिसलेच तर तुमचे पात्र कारकून आहे असे समजतात.

पण मुख्य गोष्ट ही की, इम्प्रोव्हला चटपटीत डोके लागते हा गैरसमज आहे. लागतो तो कान. 'एकेक शब्दाची गोष्ट' हा खेळ तुम्ही टाळेबंदीत नक्की खेळला असाल: गोल क्रमाने प्रत्येकाने एकच शब्द बोलायचा आणि गोष्ट पुढे न्यायची. परदेशातून आलेला हा खेळ मराठीत एक निराळेच रूप घेतो, कारण आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि मधल्या शब्दांची लिंगे त्याला बांधून ठेवतात. आमच्या गटातले एक वाक्य सांगतो. पहिलीने म्हटले 'आजीने', दुसऱ्याने 'फ्रीजमध्ये', तिसरीने 'आजोबांची'. इथेच चौथ्याचे अर्धे स्वातंत्र्य संपले, कारण 'आजोबांची' म्हटल्यावर पुढे स्त्रीलिंगी एकवचनी किंवा नपुंसकलिंगी अनेकवचनी नामच यायला हवे. सगळ्यांना वाटले हा 'कवळी' म्हणणार. तो म्हणाला 'पेन्शन'. पाळी माझी होती आणि माझ्या मंद डोक्याला काहीही चमकदार सुचत नव्हते. मी फक्त मागचे चार शब्द मनात पुन्हा म्हटले आणि जे क्रियापद समोर दिसले ते उच्चारले: 'गोठवली'. लोक मला हुशार समजले. मी काहीच केले नव्हते, वाक्य तिथे तयारच होते. मागचे शब्द धरून ठेवणे आणि व्याकरणाने सोडलेली एकच फट शोधणे, हा आजारातून उठणाऱ्या बुद्धीला सौम्य आणि पुरेसा व्यायाम आहे. पहिले तीन गुरुवार फक्त हाच खेळ खेळलात तरी चालेल. ज्या खेळांत घंटी वाजली की वाक्य बदलायचे, किंवा ज्यांत घड्याळ लावलेले असते, ते तूर्त वर्ज्य करा. त्यात हार झाली की आपण पूर्वीचे राहिलो नाही ही भावना बळावते, आणि ती सध्या विनाकारण ओढवून घेण्याची गरज नाही.

पडद्यावरचे इम्प्रोव्ह नकली आहे का, या तिसऱ्या प्रश्नावर माझे मत गेल्या काही वर्षांत बदलले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. २०२० च्या मार्चमध्ये नाट्यगृहे बंद झाली, शिकागोच्या सेकंड सिटीसारख्या १९५९ पासून चालत आलेल्या संस्थेनेही आपले वर्ग ऑनलाइन नेले, आणि आम्ही इथे धरमपेठेतल्या एका मित्राच्या खोलीत चालणारे शिबिर झूमवर नेले, तेव्हा मी ते केवळ तात्पुरती सोय म्हणून केले होते. वैतागाचे मुख्य कारण होते आवाजाचा उशीर. समोरासमोरच्या बोलण्यात एकाचे वाक्य संपण्यात आणि दुसऱ्याचे सुरू होण्यात सरासरी सेकंदाचा पाचवा भागच जातो, म्हणजे सुमारे २०० मिलिसेकंद. निरनिराळ्या दहा भाषांच्या तुलनेतून हे दिसून आले आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार सहज संवादासाठी आवाज एका बाजूने पोहोचायला १५० मिलिसेकंदांहून अधिक लागू नयेत. घरगुती वायफायवर तो उशीर ही मर्यादा कधीही ओलांडतो. परिणाम असा की ज्याला आपण टायमिंग म्हणतो ते हातातून निसटते, दोघे एकाच वेळी बोलतात, दोघे एकदम थांबतात आणि दोघे एकदम 'बोला, बोला' म्हणतात. त्यातच झूमची गोंगाट दाबण्याची व्यवस्था प्रेक्षकांचे हसू हा गोंगाट समजून गिळते.

आजारपणात लक्षात आले की हाच उशीर मला उपयोगी पडत होता. रंगमंचावर माझी मंद झालेली बुद्धी उघडी पडली असती. पडद्यावर सगळेच मंद असतात. उशिरामुळे शहाण्या गटाला काही सवयी लावून घ्याव्या लागतात. वाक्य संपले की हात खाली ठेवायचा किंवा मान किंचित झुकवायची, समोरच्याला नावाने हाक मारून पाळी द्यायची, आणि पुढचे वाक्य बोलण्याआधी मनात 'एक' म्हणायचे. या सवयी लागल्या की दोन वाक्यांमध्ये जागा तयार होते, आणि त्या जागेत श्वास घेता येतो. दिवसातून अनेकदा स्पायरोमीटर या श्वासाच्या व्यायामाच्या साधनातले तीन छोटे चेंडू श्वासाने वर ओढणाऱ्या माणसाला त्या श्वासाचे मोल वेगळे सांगायला नको.

आणि 'अस्सल' म्हणजे काय, याचाही विचार करावा. आधुनिक इम्प्रोव्हचे बहुतेक खेळ ज्यांच्याकडे जातात त्या व्हायोला स्पोलिन यांनी ते शिकागोत घडवले. त्यांच्या गुरू नेव्हा बॉइड तिथल्या हल हाउस या वस्तीकेंद्रात स्थलांतरितांच्या मुलांना खेळांतून एकत्र आणत. म्हणजे या खेळांचा उगम नाट्यगृहात झालेला नाही. भाषा तुटक, घर परके, शरीर थकलेले अशा माणसांसाठी ते आधी होते. तिकीट लावून हसवणे नंतर आले. आपल्याकडेही विदर्भातल्या खडी गंमत या लोकनाट्यात शाहीर आणि सोंगाड्या उभ्या उभ्या, समोर बसलेल्या गावाकडे पाहून सवाल-जवाब रचत आले आहेत, आणि तान्हा पोळ्याच्या दिवशी नागपूरच्या महालात-इतवारीत मारबत, म्हणजे इडापिडा घालवायच्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते तेव्हा बडगे म्हणवल्या जाणाऱ्या पुतळ्यांवर लटकवलेल्या पाट्यांपासून 'घेऊन जा गे मारबत'च्या आरोळीमागे जोडल्या जाणाऱ्या ताज्या टोमण्यांपर्यंत सगळा मामला त्या वर्षीचा, त्या गल्लीतला असतो. जागा बदलली म्हणून त्यांना कुणी नकली म्हणत नाही. तरीही प्रामाणिकपणे सांगतो, पडद्यावर एक गोष्ट नाही ती नाहीच: दोनशे माणसांचा हशा लाटेसारखा अंगावर येणे. ती हवी असेल तर सभागृहातच जावे लागते आणि तिथे जायला तुम्हाला अजून अवकाश आहे.

व्यवस्थेच्या बाबतीत थोडे. इथे मार्चअखेर कूलर लागतात आणि कूलरसमोर बसून बोलणाऱ्याचा आवाज पलीकडे पवनचक्कीसारखा पोहोचतो. बैठकीपूर्वी पंधरा मिनिटे खोली थंड करून घ्यावी, मग कूलरचा फक्त पंप चालू ठेवून पंखा बंद करण्याची चूक न करता (मी केली आहे, गादी भिजली) तो पुरताच बंद करावा. ब्लूटूथचे हेडफोन आवाजाच्या उशिरात आणखी भर घालतात, म्हणून साधे वायरचे वापरावेत. लॅपटॉप डब्यांवर ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या पातळीला आणावा. खाली वाकून बसल्यास छाती दबते आणि श्वास उथळ होतो. झूममध्ये स्वतःची चौकट स्वतःला न दिसण्याची सोय आहे, ती न विसरता वापरा. आजारपणात उतरलेला आपला चेहरा तासभर समोर दिसत राहणे मला सर्वांत जड गेले होते, आणि ती चौकट लपवल्याच्या दिवशीच मी पहिल्यांदा दृश्यात पूर्ण शिरलो. ज्यांचा कॅमेरा बंद आहे त्यांच्या चौकटी लपवण्याचीही सोय आहे. कॅमेरा बंद केला की विंगेत गेलात, सुरू केला की एंट्री झाली, इतके ते सोपे होते. गटातल्या चार-पाच जणांनी माइक उघडे ठेवून मनमोकळे हसावे, नाहीतर दृश्य विहिरीत बोलल्यासारखे होते. विनाशुल्क झूमवर गटाची बैठक ४० मिनिटांत आपोआप बंद होते, त्याविषयी पूर्वी आम्ही कुरकुर करीत असू. तुम्ही ती मर्यादा डॉक्टरांनी घालून दिली आहे असे समजा आणि नवा दुवा पाठवला तरी पुन्हा आत जाऊ नका.

हे शेवटचे मी पाळले नव्हते. सातव्या आठवड्यात, बरे वाटते या भरात, मी दोन तासांची बैठक स्वतः चालवायला घेतली. एका दृश्यात हार घालायचा होता. मी उभा राहिलो आणि सवयीने दोन्ही हात डोक्याच्या वर नेले. त्या क्षणी काही झाले नाही, पण रात्री छातीत ओढ बसली आणि भीतीने झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तपासणीत हाड जागेवर असल्याचे कळले आणि डॉक्टरांनी जे सुनावले ते इथे छापण्याजोगे नाही. पंधरा दिवस मला फक्त प्रेक्षक होण्याची परवानगी मिळाली. तेव्हा हार, मिठी, भांडणातली ढकलाढकल, पडद्याच्या कडेतून वस्तू देण्याघेण्याचा खेळ, हे सगळे तुम्ही शब्दांत करा. 'मी तुझ्या गळ्यात हार घातला' एवढे म्हटले तरी समोरचा मान वाकवतो.

रंगमंचावर परत केव्हा, हे तुम्ही विचारले नाही, पण मनात असणार. बारा आठवड्यांनंतर, डॉक्टरांनी हात उचलायची आणि वजन घ्यायची मोकळीक दिल्यावर, आधी खुर्चीत बसून करता येईल असे छोटे काम घ्यावे. मी ऑगस्टमध्ये गेलो, खुर्ची घेऊनच गेलो, आणि पंधरा मिनिटांत घामाघूम झालो. गुरुवारची ऑनलाइन बैठक मात्र मी अजून सोडलेली नाही.

यजमानांसाठी एक शेवटची सूचना. त्यांना बैठकीच्या वेळी दुसऱ्या खोलीत पाठवू नका. तिथून फक्त तुमचे हसणे ऐकू येते आणि काळजी वाढते. त्यांना त्याच खोलीत, कॅमेऱ्याबाहेर बसू द्या. आमच्या घरी सौभाग्यवती वर्षाचे गहू निवडायचे ताट घेऊन पलंगावर बसत आणि मी जरा मोठ्याने हसलो की हात थांबवून पाहत. एसटीचे ते दृश्य गटाने पुढच्या आठवड्यांतही मागून घेतले होते. तिसऱ्या खेपेला कंडक्टरने भर रस्त्यात 'उमरेऽऽड, उमरेडवाले उतरा' अशी हाळी दिली, तेव्हा ताटातून मान वर न करता या म्हणाल्या, "काटोलच्या गाडीत उमरेड कुठून आलं?" माझा माइक उघडाच होता. पलीकडून अमरावतीचा आवाज आला, "ताई, ड्रायव्हर नवा हाये."